पाणीच होतं की, दादा

प्रिय शालू,

आज चौदा एप्रिल. भवानी पेठेत सकाळपासून स्पीकर लावलेत, खिडकीच्या काचा नुसत्या थरथरतायत. संध्याकाळी मिरवणूक. माझा पांढरा शर्ट तुझ्या वहिनीनं, मंगलनं इस्त्री करून खुंटीला लावलाय, आणि मी मात्र टेबलाशी बसून तुला पत्र लिहितोय. तू होतीस तेव्हा चार ओळी कधी लिहिल्या नाहीत. हस, हस. तुला हसायला काय, नुसतं निमित्त लागायचं.

लिहायचं कारण असं, की आज सकाळी नळाला पाणी आलं आणि त्या पाण्यापाशी एक गोष्ट घडली. ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. पण ती सांगायची तर आधी मागचं सांगावं लागेल, आणि मागचं बोलायला माझी जीभ जन्मात कधी उचलली नाही. म्हणून कागद घेतला.

ती पितळी कळशी आठवते का गं तुला? आईच्या माहेराहून, टेंभुर्णीहून आलेली? तू नऊ वर्षांची, मी सतरा. आपल्या बोळात तेव्हा एकच नळ आणि अख्ख्या बोळाची रांग. उन्हाळ्यात पाण्याची धार करंगळीएवढी. आई टॉवेलच्या कारखान्यात गेलेली, वडील अंथरुणाला खिळलेले. दोन तासांनी आपला नंबर लागला. मी कळशी भरून तुझ्या कमरेवर दिली आणि दुसरी घागर नळाखाली लावली. तू हौसेनं निघालीस आणि आपल्याच उंबऱ्याला अडखळलीस.

कळशी गडगडत बोळात आली. पाणी गटारीला गेलं. आणि मी सगळ्या रांगेसमोर तुझ्या कानाखाली वाजवली.

तू रडली नाहीस. गालाला हात लावून माझ्याकडं बघत राहिलीस आणि म्हणालीस, "पाणीच होतं की, दादा."

मला ते उद्धट वाटलं. मी परत हात उगारला, तो शेजारच्या काकूंनी धरला. त्या दिवशी कळशीला गळ्याशी जो पोचा पडला तो अजून आहे. आई म्हणायची तांबटाकडं नेऊन काढून आण. मी कधी नेली नाही. का नेली नाही, ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं.

आपण दोघं नंतर हसलो, भांडलो, एका ताटात जेवलो. तू नर्स झालीस तेव्हा सगळ्या बोळात पेढे मीच वाटले. पण माझं चुकलं शालू, हे एक वाक्य काही तोंडातून निघालं नाही. आई म्हणते तसं, ह्याला सांगणं म्हंजी पालथ्या घड्यावर पानी.

मग तू ते अरुणाचलचं काढलंस. एका दवाखान्यात दोन वर्षांसाठी जाते म्हणालीस. जिल्ह्याचं नाव नामसाई. मी शाळेतल्या नकाशावर बोट ठेवून शोधलं तर बोट नकाशाच्या बाहेर जायची वेळ आली. म्हटलं, सोलापुरात आजारी माणसं संपली का? तू म्हणालीस, "दादा, तिकडंबी बुद्धाचीच माणसं हायत म्हणे. बघून तर येते." मुद्दाम आईसारखं बोललीस, म्हणजे मी चिडणार नाही. गेलीस, आणि दोनाची बावीस वर्षं केलीस.

तुझे फोन पहाटे पाचला यायचे. इथं अंधार, मी अंथरुणात, आणि तू तिकडून म्हणायचीस, अरे उठ की, इथं उजाडून किती वेळ झाला! देश एक, घड्याळ एक, आणि सूर्य मात्र तुमच्याकडं आधी यायचा. संध्याकाळी पाचला तुमच्याकडं दिवे लागायचे तेव्हा आमच्या पत्र्यावर हात ठेवायची सोय नसायची.

तू काय काय सांगायचीस! की गावात घरं खांबांवर उभी असतात, खाली माग असतो, कोंबड्या असतात, पावसात पाणीही असतं. की खामटी लोकांत बायांच्या नावाआधी नांग लावतात आणि पुरुषांच्या नावाआधी चौ. की दवाखान्याच्या एका बाकावर खामटी, सिंगफो, मिश्मी, चकमा आणि चहाच्या मळ्यातले मजूर बसतात, आणि पोटात दुखतंय हे पाच भाषांत ऐकून तू एकाच गोळीची चिठ्ठी लिहितेस. नोआ दिहिंग नदी पावसाळ्यात अंथरुणात कूस बदलावी तशी जागा बदलते, मागल्या वर्षीचा रस्ता यंदा नदीत असतो. मी ऐकायचो आणि शेवटी एकच विचारायचो, परत कधी येणार? तू एकच सांगायचीस, "इथं पाणी मोजत नाहीत रे दादा."

त्या वाक्यात टोमणा होता का गं? मला कायम वाटायचं, होता.

लग्नाचा फोन आला तेव्हा तर मी कहर केला. तू सांगितलंस, शाळेत मास्तर आहे, चौ खाम नाव, शांत माणूस आहे. आणि मी विचारलं, कुठल्या जातीतला? मी! दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढं चालणारा, गल्लीतल्या पोरांना माणूस माणसासारखा म्हणून भाषण देणारा! तू म्हणालीस, "दादा, तो सकाळी तेच त्रिशरण म्हणतो जे आपण म्हणतो. अजून काय पाहिजे?" मी फोन ठेवला. लग्नाला आलो नाही. आईलाही येऊ दिलं नाही. तीन वर्षं बोललो नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ म्हणजे मी.

तुला मुलगी झाली, सुजाता, आणि आईनं माझ्या हातातून फोन हिसकावून तुला लावला, तेव्हा ती कोंडी फुटली. त्यानंतर मी दर दिवाळीला पार्सल पाठवायचो. शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि कारखान्यातले चार टॉवेल. पार्सल पोचायला कधी वीस दिवस लागायचे, कधी महिना. कडक भाकरीला काय, तिला वर्ष लागलं तरी ती तशीच. तू म्हणायचीस सासूबाई ती माशाच्या रश्श्यात बुडवून खातात. मला वाटायचं, पार्सल गेलं म्हणजे माफी गेली. ती वेगळी लिहायची कशाला? तूही कधी माफी माग म्हणाली नाहीस. म्हणायला पाहिजे होतंस शालू, एकदा तरी भांडायला पाहिजे होतंस.

शेवटचा फोन तुझा मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यातला. सुजाता बारावी झाली, तिला नर्सिंग करायचंय, सोलापुरात पाठवू का, तुझ्या घरात जागा होईल का, असं विचारलंस. आणि मी म्हणालो, "बघू."

बघू! दुसऱ्या कुणी नाही, बहिणीनं विचारलं होतं. घरात माझं, मंगलचं आणि आईचं मिळून तीन माणसांचं बिऱ्हाड, वरची खोली रिकामी. तरी बघू. तुझ्या छातीत दुखतं हे तू त्या फोनवरही सांगितलं नाहीस. दुसऱ्यांची नाडी बघणारी बाई तू, स्वतःची कधी बघितली नाहीस. बारा दिवसांनी चौ खामचा फोन आला की दिब्रुगडला नेताना वाटेतच गेलीस.

तुझ्या मातीला मी नव्हतो. गाडीनं यायचं तर तीन दिवस, आणि आत जायला परवाना लागतो तो वेगळाच. तोवर थांबणं शक्य नव्हतं. सुजातानं फोनवर दाखवलं, तेही चित्र मधेच थिजायचं. आई पडद्यावर हात फिरवत होती. एवढंच.

मागच्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला चौ खामनं कळवलं की सांगकेनला या, तिची फार इच्छा होती. सांगकेन म्हणजे त्यांचं नवं वर्ष, आणि ते नेमकं चौदा एप्रिलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मिरवणूक सोडली आणि गाडीत बसलो. तिनसुकियाला उतरलो, चहाच्या मळ्यांमधून जीपनं दिराकच्या नाक्याला आलो. परवाना दाखवताना मनात म्हटलं, आपल्याच देशात परवाना कसला? नाक्यावरच्या पोरानं कागद बघितला, मला बघितलं आणि विचारलं, कुणाकडं? मी म्हटलं, शालन सिस्टर. त्यानं कागद न वाचताच परत दिला. म्हणाला, माझा जन्म त्यांच्याच हातचा आहे. मी जीपमध्ये बसून बराच वेळ खिडकीबाहेर तोंड करून होतो. तिकडं निळे डोंगर दिसत होते, तेवढं निमित्त पुरलं.

तुझं गाव बघितलं. सपाट भाताची शेतं, मधे सुपारी आणि बांबू, खांबांवरची घरं, आणि टोकाला पांढरा विहार. चौ खाम मला दादा म्हणाला, थेट तुझ्या सुरात. सुजातानं पाया पडून मराठीत विचारलं, "प्रवासात लई त्रास झाला का, मामा?" तुझे डोळे नव्हते, तुझं नाक नव्हतं, पण तो लई तुझा होता.

चौदाला सकाळी विहारातल्या मूर्ती बाहेर मांडवात आणल्या. ढोल आणि झांजा वाजत होत्या. एक लांब लाकडी पन्हळ, नागासारखी कोरलेली. लोक एका टोकाला पाणी ओतायचे आणि दुसऱ्या टोकाला ते बुद्धाच्या अंगावर पडायचं. म्हातारे, बाया, पोरं, सगळे बादल्या घेऊन. भिक्खूंनी त्रिशरण म्हटलं. उच्चार वेगळे होते, तरी मी सगळ्यांबरोबर म्हटलं आणि माझा आवाज कुठं वेगळा पडला नाही. तिथवर मी बरा होतो. पण पाणी थांबेचना! तासभर ओतलं, दोन तास ओतलं, आणि मग एकमेकांच्या अंगावर सुरू झालं. शालू, मी सोलापूरचा माणूस. चार दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या गावाचा. मी तिथून उठून घरी आलो आणि जिन्याच्या पायरीवर बसलो, मिरवणुकीचा पांढरा शर्ट घालून.

मागून सुजाता आली. तिच्या हातात चांदीची वाटी, पाण्यात पांढरी फुलं. तिच्यामागं पाचसहा पोरी बादल्या घेऊन. सुजाता काही बोलायच्या आत त्या पोरींनी दोन्ही बाजूंनी माझ्यावर पाणी ओतलं आणि खिदळल्या. आणि माझं डोकं फिरलं.

मी उठलो, पुढं सुजाता होती, तिच्या हातातली वाटी हिसकावली आणि ओरडलो, "पाण्याची काही किंमत आहे का? माज आलाय माज!"

वाटी सुटली आणि घरंगळत जिन्याखाली गेली. पोरींना शब्द कळले नाहीत, सुजाताला प्रत्येक शब्द कळला. तू शिकवलेली मराठी होती ना. तिनं खाली जाऊन वाटी उचलली, पुसली आणि माझ्या बाजूनं वर निघून गेली.

चौ खाम ओल्या कपड्यांनी माझ्या शेजारी येऊन बसला. रागावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. त्याच्या त्या साध्या हिंदीत त्यानं सांगितलं की सांगकेनला लहान माणसं मोठ्यांच्या हातावर पाणी घालतात आणि वर्षभरात चुकलंमाकलं त्याची क्षमा मागतात. सुजाता त्यासाठीच आली होती. आईला बरं नाही हे मामाला आधी कळवलं नाही, त्यामुळं मामाची शेवटची भेट झाली नाही, असं तिच्या मनात बसलं होतं. पोरगी चार महिने ते उराशी धरून बसली होती, आणि मी तिच्या हातून वाटी पाडली.

तीस वर्षं यंत्रमागावर काम केलं, पण त्या दिवशी माझे हात मला नकोसे झाले. तुझ्या गालावर पडलेला हात आणि हा हात एकच. वय तेवढं वाढलं.

दुसऱ्या दिवशी सुजाता माझ्यासमोर आली नाही. पानात गुंडाळलेला भात आणि मासा चौ खामनं आणून दिला. मी घराखाली जाऊन बसलो. तिथं तुझा माग होता, बांबूचा, आणि त्यावर तू अर्ध्यावर सोडलेली शाल. चार महिने कुणी हात लावला नव्हता. दमट हवेत ताण्याचे पाचसात उभे धागे तुटलेले. तुझा आडवा बाणाही कुठंकुठं सैल होता, कारखान्यात असतीस तर मी बोललो असतो. मला दुसरं काही येत नाही, हे येतं. मी एकेक तुटका धागा शोधून जोडत बसलो. आमची विणकराची गाठ कापडात शिरली की दिसत नाही. दुपारभर तेच करत होतो. वरच्या फळ्यांच्या फटीतून कुणीतरी बघत होतं, ते मला ठाऊक होतं. मी मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी मूर्ती परत विहारात गेल्या. मी चौ खामकडं ती वाटी मागितली. पाणी भरलं, फुलं घातली आणि सगळं घर जमलेलं असताना सुजातापुढं गेलो. म्हटलं, हात पुढं कर. तिकडं सगळे चपापले, कारण मोठ्यानं लहानाच्या हातावर पाणी घालायची रीत नाही. तुझ्या सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. मी घातलं. कळशीची गोष्ट सांगितली, थोबाडीत मारल्याची. लग्नाला न आल्याची. जात विचारल्याची. बघू म्हटल्याचीसुद्धा. शेवटी म्हटलं, "तुझ्या आईची माफी मागायची राहिली. तुझ्याकडं मागतो."

सुजाता आपल्या ओल्या हातांकडं बघत राहिली. म्हणाली, "माझी तुम्हाला केव्हाच आहे, मामा. पण ती मोठी माफी माझी नाही द्यायची. आईला विचारून सांगते."

काय बोलशील यावर? पोर कुणाची आहे ते कळलं. मी म्हटलं, विचार, मी थांबतो. आणि मग तिथंच सांगून टाकलं की वरची खोली रिकामी आहे, नर्सिंगला सोलापूरला ये. उपकार म्हणून नाही, माझी गरज म्हणून. तिनं बघू म्हटलं असतं तरी माझी हरकत नव्हती. ती म्हणाली, येते.

ती आली शालू. पावसाळ्याच्या तोंडाला आली आणि घर भरलं. आईला तिनं पहिल्या दिवशीच ताब्यात घेतलं. दोघी दुपारी कॉटवर बसून तुझ्या गमती सांगतात. ज्या मला माहीत नाहीत त्या आईला ठाऊक, आणि ज्या आईला ठाऊक नाहीत त्या सुजाताला. नवी पेठेत तिला घेऊन कपडे घ्यायला गेलो तर दुकानदार तिचा चेहरा बघून इंग्रजी झाडायला लागला. ही म्हणाली, "भाऊ, लई सांगताय, जरा कमी करा की." त्याच्या हातातली पट्टी खाली पडली. कुणीकुणी कोपऱ्यावर विचारतं, नेपाळची का? मी सांगतो, नामसाईची आहे, नामसाई जिल्हा, अरुणाचल, माझी भाची. आता आमच्या बोळातल्या निम्म्या पोरांना नामसाई कुठं आहे ते माहीत झालंय. माझं बोटही आता नकाशाच्या बाहेर जात नाही.

एकच गोष्ट तिला जमेना. पाणी. भांडी घासताना नळ सोडून द्यायची आणि मंगल ओरडायच्या आत स्वतःच जीभ चावायची. बापाला फोनवर सांगत होती की इथं पाणी पाहुण्यासारखं येतं, सगळं घर त्याच्या पुढं-मागं करतं. हळूहळू शिकली. आता आमच्यापेक्षा काटेकोर झालीय, ते बघून मलाच वाईट वाटतं.

आणि त्या मोठ्या माफीचं? मी विचारलं नाही, तिनं काढलं नाही. दर चार दिवसांनी नळ आला की ती पोचा पडलेली कळशी माझ्या डोळ्यासमोर यायची, आणि मी मनात म्हणायचो, शालूला अजून वेळ मिळालेला दिसत नाही.

तर आज सकाळ. सातला नळ आला. सुजाता उठल्यापासून गप्प होती. आज तिकडं सांगकेन, मूर्ती बाहेर आल्या असतील, आणि ही इथं बादल्या लावतेय. टाकी भरली, पिंप भरलं, आणि नळ जायच्या बेतात असताना तिनं शेवटची म्हणून ती कळशी भरली. पिण्याची. कमरेवर घेऊन आत येताना उंबऱ्याला तिचा पाय अडकला.

तोच उंबरा, शालू. मी दारातच उभा होतो. कळशी गडगडत माझ्या पायाशी आली आणि पाणी अंगणात पसरलं. नळानं फुस्स केलं आणि तो बंद झाला.

मंगल जागच्या जागी थिजली. आई कॉटवर उठून बसली. आणि सुजातानं गालाला हात लावला. मी तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं गं! पण तिला ती गोष्ट ठाऊक होती, मीच सांगितली होती ना. ती माझ्या हाताकडं बघत होती. मीही माझ्या हाताकडं बघितलं.

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पाणीच होतं की, बाई."

मग आई म्हणाली, "पानीच हाय की. माज्या वाटचं घ्या, मी कुटं लई पिते?" आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

सुजातानं वाकून कळशी उचलली. पोच्याच्या खाली, बुडाला, ओंजळभर पाणी राहिलं होतं. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "हात पुढं करा, मामा." मी केले. तिनं ते ओंजळभर पाणी माझ्या हातांवर घातलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. माझे दोन्ही हात, हा उजवासुद्धा. मग म्हणाली, "आईला विचारलं. आई म्हणाली, झालं आता."

तू म्हणालीस ना? मला पुरावा नको. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. इतक्या वर्षांचं रडलो. मंगलनं कधी नव्हे ते मला रडू दिलं.

चार दिवस आता पाणी जपून वापरायचं आहे. शेजारच्यांनी एक हंडा आणून ठेवला. सुजाता बापाशी फोनवर बोलतेय, ढोलाचा आवाज ऐकू येतोय, तिकडचा की आपल्या बोळातला ते मला कळत नाही. थोड्या वेळानं मी तो पांढरा शर्ट घालीन आणि मिरवणुकीला जाईन. यंदा सुजाता माझ्या शेजारी चालणार आहे. बोळातल्या पोरींनी तिला निळा फेटा बांधायचं ठरवलंय.

आणि तुला एक शब्द देतो. पुढच्या वर्षी आज मी इथं नसेन. आईचे गुडघे चालले तर आई, मंगल, सुजाता आणि मी, असे सगळे तुझ्या गावी असू. ही कळशी बरोबर आणीन. पोचा काढणार नाही. तुझ्या त्या जागा बदलणाऱ्या नदीत ती काठोकाठ भरीन, आणि तुझ्या दारात, तुझ्या माणसांच्या डोक्यावर, एक थेंब न मोजता सगळी ओतीन.

तुझा,
दादा
भवानी पेठ, सोलापूर